बैलाचे दात पाहता, मग कुत्र्याचे काऊन नाही?

मागच्या अंकात मी शेवटी एक ओळ टाकली होती, की घरच्या कुत्र्याचा ओठ वर करून एकदा आत पाहा अन् काय दिसलं ते कळवा. जागा उरली होती म्हणून टाकली, बाकी काही नाही. तर बाप्पा, एवढी पत्रं अन् व्हॉट्सॲपवर एवढे दातांचे फोटो आले की बायको म्हणे जेवताना तो मोबाईल उलटा ठेवत जा.

आपल्याकडे बाजारात बैल पाहायला गेलं की आधी तोंड उघडतात. आदत आहे की दोनदाती, चारदाती की जुळला, त्यावरून वय अन् वयावरून भाव. शाळेची पायरी न चढलेला म्हातारा बोटानं ओठ वर करून सांगून टाकतो की हा दोन वर्षांच्या वर गेला, व्यापारी काहीही म्हणो. अन् त्याच म्हाताऱ्याच्या अंगणात दहा वर्षं झोपणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात काय आहे हे घरात कोणालाच माहीत नसतं. मी चौतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, मलाही माहीत नव्हतं, ते पुढे सांगतोच. आणि एक आधीच सांगून ठेवतो, मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरचं काम आहे तिथे मी डॉक्टरकडे जा असंच लिहीन, राग मानू नका.

पत्रं आली त्या क्रमानं घेत नाही, पहिलं पत्र घाईचं आहे.

"आमच्या कुत्र्याच्या तोंडातून दोन दिवसापासून लाय गयून रायली. खालचा जबडा लोंबल्यासारखा हाय, भाकर तोंडात घेते पण गियता येत नाई, पाणीबी पीत नाई. दाढेत नाईतर घशात हाड अडकलं असन म्हणून मी अन् पोरानं हात घालून पाहिलं, काई सापडलं नाई. काय करावं सांगजा."
— एक शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

भाऊ, तुम्हाला मी मेसेज वाचल्याबरोबर फोन केला होता, अंक निघायची वाट पाहिली नाही. इथे छापतोय ते बाकीच्यांसाठी, कारण हीच चूक मी गावोगावी पाहिली आहे. लाळ गळते, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, कधी कुत्रं चिडकं होतं तर कधी उलट अगदी गरीब होऊन अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतं, आणि घरचे म्हणतात घशात हाड अडकलं. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे अंगावर धावून येणारंच असतं असं लोकांच्या डोक्यात बसलं आहे, पण जबडा लुळा पडणारा, गप्प बसणारा प्रकारही रेबीजचाच असतो अन् तोच जास्त फसवतो, कारण त्याच्या तोंडात माणूस प्रेमानं हात घालतो.

म्हणून असं कुत्रं दिसलं की तोंडात हात घालायचा नाही, दाराच्या आड बंद करायचं, डॉक्टरला कळवायचं. हात घातलाच असेल तर चावलं नाही म्हणून निवांत बसू नका. शेतकऱ्याच्या हाताला चिरा, कापलेलं, खरचटलेलं असतंच, लाळ तिथून आत जाते. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं हात धुवा, घड्याळ लावून पंधरा, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर ग्रामीण रुग्णालयात जा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. एकदा लक्षणं दिसली की या रोगातून माणूस वाचत नाही, अन् वेळेवर लस घेतली तर तो होत नाही, इतकं सरळ आहे ते.

यांचं कुत्रं तिसऱ्या दिवशी मेलं. बापलेकानं सगळी इंजेक्शनं पूर्ण केली, दोघंही ठीक आहेत. कुत्र्याला लस दिलेली नव्हती. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, नंतर दरवर्षी, दाताच्या गोष्टी त्याच्यानंतर.

हाड खरंच अडकतं का, तर हो. वरच्या दोन बाजूच्या दाढांच्या मधे टाळूला आडवं हाड किंवा काडी बसते, कुत्रं पंजानं तोंड ओरबाडतं, वेडंपिसं होतं. पण हे हाड आहे की ते दुसरं आहे हे घरी बसून ठरवायचं नाही.

"आमचा टायगर पाच वर्षांचा, गावठीच आहे. पोळी-दूध, वरण-भात असं घरचंच खातो. त्याच्या तोंडाचा इतका वास येतो की मुलं जवळ घेत नाहीत. शेजारच्या काकू म्हणतात गुडाखू लाव, मेडिकलवाला म्हणतो आपलीच टूथपेस्ट वापरा. नेमकं काय करू?"
— एक गृहिणी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

ताई, दोन्ही नको. गुडाखू म्हणजे तंबाखू अन् गूळ, तुमच्या काकू थुंकून टाकतात, टायगर थुंकणार आहे का? तो गिळणार, अन् तंबाखू कुत्र्याच्या पोटात गेली की उलट्या, थरथर, झटके इथपर्यंत जातं. आपल्या टूथपेस्टचंही तेच, तिच्यात फेस करणारी द्रव्यं असतात, फ्लोराईड असतं, आणि काहींमध्ये झायलिटॉल नावाची साखर असते जी आपल्याला काही करत नाही पण कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरवते अन् लिव्हर खराब करते. मीठ-कोळसा, लाल मंजन, सोडा हेही राहू द्या.

आता वास कुठून येतो ते पाहा. खाल्ल्यावर दातावर एक चिकट थर बसतो, त्यात जंतू असतात. तो बोटानं, फडक्यानं निघतो. पण दोन-तीन दिवस तसाच राहिला की लाळेतले क्षार बसून त्याचा दगड होतो, पिवळा-तपकिरी, त्याला टार्टर म्हणतात, अन् तो मग तुमच्या बापाला घासून निघत नाही. तो हिरडीच्या खाली सरकतो, हिरडी सुजते, दाताचं हाड झिजतं, दात हलतो. तीन वर्षांच्या वरच्या बहुतेक कुत्र्यांत थोडंफार हे असतंच. आपल्यासारखी कीड कुत्र्यांच्या दाताला कमी लागते, त्यांची बोंब हिरडीची असते. अन् पोळी-दूध मऊ, दाताला घासून जातच नाही, सगळं चिकटून बसतं.

आता माझी गोष्ट. आमचा कुत्रा राजा नऊ वर्षांचा होता. दिवाळीत भाची आली, ती नागपूरला कुत्र्या-मांजराच्या एका क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे, बसल्या बसल्या त्याचे लाड करता करता तिनं त्याचा ओठ वर केला अन् माझ्याकडे पाहून म्हणाली, मामा, तुम्ही याच्या तोंडात कधी पाहिलंच नाही का. वरच्या मोठ्या दाढा दिसतच नव्हत्या, दगडच दगड, अन् एक दाढ बोट लावलं की हलत होती. मी उभ्या जन्मात हजारो बैलांचे ओठ वर केले असतील. राजा वर्षभरापासून भाकर एकाच बाजूनं चावत होता अन् मी म्हणत होतो म्हातारा झाला.

तर टायगरचं असं करा, आधी एकदा डॉक्टरला तोंड दाखवा, कारण दगड बसलेला असेल अन् हिरडी दुखत असेल तर घासायला गेल्यावर तो चावेल अन् त्याचं चुकणार नाही. वास नेहमी दाताचाच असतो असंही नाही, किडनी खराब असली की मुतासारखा उग्र वास येतो, तेही डॉक्टर पाहतील. तोंड साफ झालं किंवा फारसं खराब नसलं की मग घरचं काम सुरू. पहिले चार-पाच दिवस फक्त ओठ वर करायचा, सोडायचा अन् उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा द्यायचा, बस, जास्त शहाणपणा नको. मग बोटाला जुनं मऊ सुती फडकं गुंडाळून ओलं करून वरच्या दाढांवरून फिरवायचं. ते त्यानं मान्य केलं की लहान लेकरांचा मऊ ब्रश घ्या, तिरका धरा म्हणजे केस हिरडी अन् दात जिथे भेटतात तिथे लागतील, अन् छोटे छोटे गोल. दातांची बाहेरची बाजू घासली तरी पुरते, आतून जीभ बरंच काम करते. वरच्या मागच्या मोठ्या दाढा अन् सुळे विसरू नका, दाढांवर तर दगड सगळ्यात आधी बसतो कारण लाळेची नळी गालात तिथेच उघडते. एका बाजूला अर्धा मिनिट. जनावरांची वेगळी पेस्ट येते, कोंबडीच्या चवीची बिवीची, ती गिळली तरी चालते, नागपूर-अमरावतीला पेट शॉपमध्ये मिळते, ऑनलाईन पण येते. नसेल परवडत तर नुसत्या पाण्यानं घासा, खरं काम घासण्याचं आहे, पेस्टचं नाही.

रोज जमलं तर रोज, नाहीतर एक दिवसाआड. आठवड्यातून एकदा, रविवारी सवडीनं, याला काही अर्थ नाही, मधल्या दिवसांत दगड तयार झालेला असतो. अन् हे काम मोठ्या माणसानं करायचं, लेकरांना लावू नका.

"कुत्र्याच्या उजव्या डोळ्याच्या खाली फोड येतो, फुटतो, पू जातो, बरा होतो, महिन्यानं परत. तीन वेळा झालं. डोळ्यात घालायचं औषध लावून थकलो."
— ता. लाखांदूर, जि. भंडारा

तुम्ही डोळा पाहताय, मला वाटतं तोंड पाहायला पाहिजे. कुत्र्याच्या वरच्या जबड्यात जी सगळ्यात मोठी कापायची दाढ असते तिला तीन मुळं, अन् ती मुळं बरोबर डोळ्याच्या खाली जातात. दाढ चिरली की आतून पू होतो अन् त्याला वाट मिळते ती गालावर, डोळ्याखाली. अँटिबायोटिक दिलं की सूज उतरते, गोळ्या संपल्या की परत येते, कारण मूळ तसंच आहे, इथे मूळ हा शब्द अगदी खरा आहे. ती दाढ काढावी लागते, एक्स-रे काढून, भूल देऊन, काही ठिकाणी रूट कॅनलही करतात. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आधी दाखवा, तिथे दाताचं सामान नसेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, जायच्या आधी फोन करून विचारा म्हणजे फेरी वाया जाणार नाही.

दाढ चिरली कशानं असेल? बहुतेक हाडानं, खुरानं, नाहीतर गोटा चावून. आपल्याकडे मटण झालं की नळीचं हाड कुत्र्यालाच जातं. माझा एक साधा हिशेब आहे, ज्या वस्तूवर नख दाबलं तर खूण उमटत नाही ती कुत्र्याच्या दातापेक्षा भारी पडणार. शिजलेलं हाड तर त्याहून वाईट, त्याच्या कपच्या होतात अन् आतडं फाडतात.

"मी बारावी सायन्स केलं. मला जनावरांची नर्स व्हायचं आहे. काका म्हणतात असं काही नसते, ते फॉरेनमध्ये असते, इथे शेण काढावं लागन. खरंच काही नाही का? आणि नर्स जनावरांचे दात साफ करू शकते का?"
— एक विद्यार्थिनी, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली

पोरी, तुझे काका अर्धे बरोबर आहेत. शेण काढावं लागेल, ते पंतप्रधान झालीस तरी घरी काढावं लागेल.

आपल्याकडे व्हेटरनरी नर्स म्हणून वेगळी नोंदणी नाही. इंग्लंडमध्ये आहे, तिथे १९६१ पासून तिथल्या पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजनं या कामाचं रीतसर शिक्षण सुरू केलं, अन् तिथल्या १९६६ च्या कायद्यात एक परिशिष्ट आहे ज्यानुसार नोंदणी असलेली नर्स डॉक्टरच्या सांगण्यावरून काही उपचार अन् किरकोळ शस्त्रक्रिया करू शकते. दाताचा दगड काढून पॉलिश करणं ती करते, एक्स-रे काढते, कोणता दात हलतो त्याचा तक्ता भरते. पण हत्यार लावून दात उपटणं तिथेही नर्सचं काम नाही, ते डॉक्टरचंच. लक्षात ठेव, दात उपटताना जबडा मोडू शकतो, लहान कुत्र्याचा तर पटकन.

आपल्याकडचा कायदा १९८४ चा, भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम. त्यात म्हटलंय की पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत डॉक्टरनंच करायचा, पण राज्य सरकार पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाला डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा द्यायची परवानगी देऊ शकतं, म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अन् सरकार ठरवेल ती प्राथमिक कामं. मी त्याच खिडकीतून आत आलो. म्हणजे पाहशील तर आपल्या गावातले पर्यवेक्षक, दवाखान्यातले व्रणोपचारक म्हणजे मलमपट्टी करणारे, परिचर, हेच आपले नर्स, फक्त कोणी त्यांना नर्स म्हटलं नाही अन् त्यांना कुत्र्या-मांजराचं फारसं कोणी शिकवलं नाही, सगळा जोर गाय-बैल-शेळीवर. मी लस दिली, गोऱ्हे चिमट्यानं खच्ची केले, रात्री दोन वाजता कंदील धरून डॉक्टरसोबत अडलेलं वासरू ओढलं, पण दात काढणं माझ्या हातात कधीच नव्हतं अन् मी कधी केलं नाही. लोक म्हणायचे, भाऊ, तुम्हीच काढून द्या ना, डॉक्टर कायले पाहिजे. नाही म्हणायला शिकणं हा या कामाचा मोठा भाग आहे, तो कोणत्या पुस्तकात नाही.

तुझ्यासमोर रस्ते असे. डॉक्टरच व्हायचं असेल तर नीट (NEET) ही प्रवेश परीक्षा देऊन पशुवैद्यक पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, नागपूरचं कॉलेज १९५८ पासूनचं जुनं आहे, विदर्भातच आहे, घाबरू नको. ते नाही जमलं तर महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुधनाची पदविका, विद्यापीठाचं मुख्यालयही नागपुरातच, प्रवेशाचे नियम त्यांच्या साईटवर स्वतः वाच, एजंटाला पैसे देऊ नको. तिसरा रस्ता माझ्या भाचीचा, शहरातल्या चांगल्या क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून लागणं अन् हाताखाली शिकणं. तीन महिन्यांत नर्सिंगचं सर्टिफिकेट देतो म्हणणारे क्लास निघालेत, तिथे एकच प्रश्न विचार, हे कोण मान्य करतं? उत्तर द्यायला अडखळले की बाहेर.

भाचीचा दिवस सांगतो म्हणजे अंदाज येईल. सकाळी गेल्या गेल्या ॲडमिट जनावरांचं ताप-श्वास-शू-संडास लिहिणं. मग जनावर आलं की वजन, मालकाला विचारणं काय खातो, कधीपासून, लस कधीची. पकडणं, हे सगळ्यात अवघड, चांगलं पकडणारा माणूस असला तर कुत्र्याला कळत नाही अन् नसला तर तिघांनाही चावा. रक्ताचं सॅम्पल, हत्यारं धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं जंतू मारायचं भांडं), ऑपरेशनला भुलेवर लक्ष, अन् संध्याकाळी मालकाला समजावणं, गोळी कशी द्यायची, दात कसे घासायचे. ती म्हणते दात घासायला शिकवणं हेच माझं खरं काम, डॉक्टरांना तेवढा वेळ नसतो, अन् मालक डॉक्टरसमोर हो हो म्हणतात अन् बाहेर येऊन मला विचारतात, ताई, खरंच घासायचे का.

कामाला लागायच्या आधी रेबीजची आधी घ्यायची लस अन् धनुर्वाताचं इंजेक्शन घे. हे क्लिनिकवाल्यानं सांगायची वाट पाहू नको.

"डॉक्टरांनी दात साफ करायला पूर्ण भूल लागेल सांगितलं. आमचा लॅब्राडोर आठ वर्षांचा, भुलेची भीती वाटते. एक माणूस म्हणतो भूल न देता दहा मिनिटांत घरी येऊन खरडून देतो, स्वस्तात. करू का?"
— एक दुकानदार, परतवाडा

नका करू. दहा मिनिटांत जे निघतं ते दिसणारं, दात पांढरे दिसतात, तुम्ही खूश. रोग हिरडीच्या खाली असतो अन् जागं कुत्रं हिरडीच्या खाली टोकदार लोखंड घालू देईल का? तुम्ही द्याल? वरून खरडलेल्या दाताला ओरखडे राहतात, पॉलिश नाही केलं तर दगड तिथे अजून लवकर बसतो. त्यात कुत्रं हललं अन् हत्यार गालात गेलं तर तो माणूस फोन उचलणार नाही.

भुलेची भीती बरोबर आहे, आठ वर्षांच्या कुत्र्याला तपासल्याशिवाय भूल देऊच नये. आधी रक्त, किडनी-लिव्हर, छाती ऐकणं. आदल्या रात्री जेवण बंद, किती वाजल्यापासून ते डॉक्टर सांगतील ते पाळा, माया येऊन सकाळी बिस्कीट देऊ नका, भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. भूल दिली की श्वासनळीत नळी टाकतात अन् तिच्याभोवतीचा फुगा फुगवतात, कारण दात साफ करायचं मशीन पाणी उडवत चालतं, ते घाण पाणी श्वासात जायला नको. अन् मग डॉक्टर तोंडात वाकलेले असताना कुत्रं जिवंत ठेवायचं काम त्या असिस्टंट पोरीचं किंवा पोराचं. दर पाच मिनिटांनी नाडी, श्वास, ऑक्सिजन लिहिणं, हिरडीचा रंग पाहणं, हिरडी बोटानं दाबली की पांढरी होते अन् दोन सेकंदांत गुलाबी यायला पाहिजे, नाही आली तर डॉक्टरला थांबवायचं. पाण्यानं अंग गार पडतं म्हणून गोधडी, गरम बाटल्या. डोळे उघडे राहतात म्हणून मलम.

म्हणून भूल देणार का हे विचारू नका, ती लागतेच. विचारा की भुलेच्या वेळी लक्ष ठेवायला वेगळा माणूस असतो का, नळी टाकता का, रक्त तपासता का. ज्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही तिथे करा. घरी आणल्यावर दोन-चार दिवस मऊ भात, हाड अजिबात नाही, अन् हिरडी बरी झाली की ब्रश सुरू, नाहीतर वर्षभरात परत तेच बिल.

"पामेरियन पिल्लू सात महिन्यांचं. सुळ्याच्या जागी दोन-दोन दात दिसतात, एक बारीक एक मोठा. आपोआप पडेल का?"
— वरूड, जि. अमरावती

बारीक तो दुधाचा. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात अन् सहा-सात महिन्यांत सगळे नवे येऊन जातात. तुमचा थांबून राहिला. लहान जातींत हे नेहमीचं. सात महिन्यांनंतर वाट पाहण्यात अर्थ नाही, मधे अन्न अडकतं अन् नवा सुळा वाकडा होतो. डॉक्टर काढून देतील, नसबंदी करायची असेल तर त्याच भुलेत दोन्ही कामं होतात का विचारा. घरी पक्कड घेऊन बसू नका, दुधाच्या दाताचं मूळ लांब असतं, आत तुटतं.

"आमच्या भागात पाण्यात फ्लोराईड आहे. कुत्र्याच्या दातावर तपकिरी डाग अन् खड्डे आहेत, ब्लेडनं खरडलं तरी जात नाही."
— जि. चंद्रपूर

ब्लेड आधी खाली ठेवा! दातावर बसलेला दगड वेगळा अन् दातच तसा बनलेला वेगळा. लहानपणापासून जास्त फ्लोराईडचं पाणी प्यायलं तर असं होतं. दुसरं कारण, पिल्लू असताना डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा रोग झाला अन् त्यातून वाचलं तर त्या वेळी हिरडीत तयार होत असलेल्या दातांचं कवच कच्चं राहतं. दोन्हींत खरडून उरलंसुरलं कवच जाईल. मऊ ब्रश, कडक काही चावायला नको, अन् दात ठणकत असेल तर दाखवा.

"मांजर भुकेली असते, वाटीजवळ जाते, एक घास घेते अन् फिसकारून पळते. लाळ पण येते. तापाची अर्धी गोळी देऊ का?"
— ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

नाही, नाही, नाही. ताई असाल की दादा, पत्रावर नाव नाही, पण ती गोळी पॅरासिटामॉल असेल तर अर्ध्या गोळीनं मांजर मरते. तिच्या शरीरात ते पचवायची सोयच नाही, रक्त काळपट पडतं, तोंड सुजतं, श्वास लागतो. दिली असेल तर हे वाचणं सोडा अन् दवाखाना गाठा. कुत्र्यालाही आपल्या अंगदुखीच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, काही द्यायचं नाही.

मांजरीला भूक आहे पण खाता येत नाही, म्हणजे तोंड दुखतंय. मांजरी दुखणं लपवतात, कुत्र्यासारखी कुईकुई करत नाहीत, त्यामुळे वाटीपासून पळाली म्हणजे चांगलंच दुखत असणार. एक तर तोंडाच्या आत पूर्ण लाल सूज येते, घशापर्यंत, किंवा दाताचं मूळच आतून विरघळत जातं, हा मांजरीत बऱ्यापैकी दिसणारा आजार आहे अन् वरून फक्त हिरडीजवळ एक लाल ठिपका दिसतो. दोन्हींत घरी ब्रश करायचा नाही, आत्ता तर मुळीच नाही. अकोल्याला पशुवैद्यक संस्थेचा दवाखाना तुम्हाला जवळ आहे, टोपलीत घालून वरून ओढणी बांधून न्या. अन् दोन दिवस पोटात काही गेलं नसेल तर उद्यावर ढकलू नका, मांजर उपाशी राहिली की लिव्हर बिघडतं.

"काका, मी सातवीत आहे. मी आमच्या शेरूचे दात मोजले. ४१ भरले. बरोबर आहे का?"
— ता. तुमसर, जि. भंडारा

शाब्बास! तुझ्या पत्रासाठी मी अख्खा अंक दिला असता. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, वर २० अन् खाली २२. मांजरीला ३०. तुझा एक हुकला. खालच्या जबड्यात अगदी मागे एक बारीक दाढ असते, ती मोजताना नेहमी सुटते. किंवा सुळ्याच्या मागची पहिली छोटी दाढ काही कुत्र्यांना येतच नाही, तेही चालतं. परत मोजशील तेव्हा बाबांना ओठ वर धरायला सांग, तू टॉर्च धर, बोट आत घालू नको. अन् शेरूला लस दिली का ते त्यांना विचार अन् मला कळव.